सॉकेटमामांच्या वहिनी

सॉकेटमामांना सख्खी सोडाच, चुलतबहीणसुद्धा नव्हती. तरी अख्खा बाजार त्यांना मामा म्हणायचा. कुणी जुना कॉम्प्युटर काखोटीला मारून आला आणि "मामा, ह्यात नवा प्रोसेसर टाकून द्या" म्हणाला, की मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "आधी मदरबोर्डाला विचारू या. लग्न दोघांचं असतं बाबा, नुसता नवरा देखणा असून भागत नाही." स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. पण कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर नांदेल, हे त्यांच्याइतकं त्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं.

दुकान मुळात थोरल्या भावाचं. हा भाऊ एका दुपारी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. मामा तेव्हा एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होते. ती सोडून ते दुकानात येऊन बसले आणि वहिनींना म्हणाले, "बिलाचं तुम्ही बघा, मालाचं मी बघतो. मुलीचं शिक्षण थांबवायचं नाही." थांबलं नाही. मुलगी शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच तिचा संसार झाला. इकडे वहिनी दाराजवळच्या टेबलाशी आणि मामा आतल्या काउंटरवर, अशी वर्षं निघून गेली. दोघं एकमेकांना अहोजाहो करत. भांडणसुद्धा अहोजाहोतच व्हायचं, आणि तेही बहुतेक पंख्याच्या वेगावरून.

पहिली चूक झाली ती लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत. मामांनी त्याला नवा प्रोसेसर दिला होता. दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन परत आला. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळाच. मामांनी रॅम बदलून बघितली. पॉवर सप्लाय बदलला. केबल बदलली. शर्टाची पाठ घामाने ओली झाली. फोटोग्राफर काउंटरवर वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, बोर्ड सातव्या जनरेशनचं आहे ना? तुम्ही मला आठवीचा दिलाय. बसतो म्हणे, पण चालत नाही."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले. "अरे हो, तेच म्हणतोय मी."

वहिनींना त्या हसण्याने धस्स झालं. हीच गोष्ट मामांनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. टेबलाशी बसल्या बसल्या ती त्यांच्याही कानावरून गेली होती.

घाईत कुणाचीही चूक होते, असं त्यांनी मनाला बजावलं. पण पाठोपाठ दुसरी झाली, मग तिसरी. जुनं मामांना झोपेतून उठवून विचारलं तरी चोख सांगता यायचं. अडखळायचे ते अलीकडच्या मालाशी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वहिनींना एकट्यांनाच आत बोलावलं. "मेंदूचा आजार आहे. हळूहळू वाढेल. नवीन शिकलेलं आधी जातं, जुनं बरेच दिवस टिकतं." मामांना त्यांनी फक्त "वय झालं, विश्रांती घ्या" एवढंच सांगितलं. वहिनींनीच तशी विनंती केली होती.

विश्रांती म्हणजे दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे मामा संपले, हे वहिनींना कळत होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, बिलं करून करून कंटाळा आला मला. तुमचं हे जनरेशनचं प्रकरण शिकवा की जरा."

मामांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी मागच्या फळीवरची मेलेली बोर्डं काढून टेबलावर मांडली.

"हे बघा. प्रोसेसरच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे त्याची पिढी. नंबर पाच आकडी असला तर पहिले दोन. आणि हा चौकोन म्हणजे सॉकेट. प्रोसेसर ह्यात बसला की लोकांना वाटतं, झालं काम."

"मग, नाही होत?"

"कसं होईल? दारातून आत आला म्हणून काय कुणी घरातला होतो? बोर्डावर ही दुसरी चिप असते, चिपसेट, तिने ओळखायला हवं. बोर्डात मशीन सुरू करणारं एक बायोस असतं, त्याच्या यादीत नाव हवं. कधी बायोस नवं करून भागतं, कधी जन्मात भागत नाही. सासूसारखं आहे, एकदा नाही म्हटलं की नाही."

"माझ्या सासूबाई तुमच्या आई होत्या, भाऊजी."

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

वहिनी हसल्या. चष्मा पुसायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली.

शिकणं सोपं नव्हतं. आकडे डोक्यात राहायचे नाहीत. मामांनी सांगितलेल्यात काय बरोबर आणि काय आजाराचं, हेही त्यांना घाऊक व्यापाऱ्याला फोन करून पडताळून घ्यावं लागे. तरी त्या चिकाटीने शिकल्या. मग बिल करण्याआधी गिऱ्हाइकाचं बोर्ड कुठलं ते विचारून, खोका हातात घेऊन त्या नंबर वाचू लागल्या. जोडी चुकलेली दिसली की गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "ह्याचा खोका जरा चेपलाय, दुसरा देते हं," आणि टेबलाखालून बरोबर माल द्यायच्या. गिऱ्हाईक खूश, मामा अनभिज्ञ. बाजारातले लोक थट्टेने म्हणत, मामांच्या दुकानात हल्ली सगळेच खोके चेपलेले येतात.

एका सकाळी खोका बदलताना त्यांनी मान वर केली, तर मामा समोर उभे. गिऱ्हाईक गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तो खोका दाखवा."

वहिनींनी दिला. चारही कडा धड होत्या. मामांनी नंबर वाचला, पुन्हा वाचला. त्यातलं काय चुकलंय ते त्यांना अजूनही कळत नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले बरेच महिने."

"म्हणजे तुम्हाला कंटाळा आला होता, ते..."

"हो, भाऊजी."

बाहेर कुणीतरी शटर वर करत होतं, त्याचा खडखडाट संपेपर्यंत मामा तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे कुणाचं काही जळलं, बिघडलं का?"

"नाही हो. कुणाचंच नाही."

"मग ठीक आहे." त्यांनी काउंटरची फळी उचलली आणि बाजूला झाले. "या, इकडे बसा तुम्ही. मी आत बसून स्क्रू पिळतो. हात अजून शाबूत आहेत माझे."

हात खरंच शाबूत होते. वहिनी पुढे माल काढून देत आणि मामा मागच्या खोलीत मशीन जोडत. प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू एकदम न आवळता कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे पिळायचे, हे त्यांची बोटं विसरली नव्हती. मधूनच ते आतून विचारत, "वहिनी, हा कुणाचा?" वहिनी सांगत. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा येई. वहिनी पुन्हा सांगत, पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या आवाजात.

हेही फार दिवस चाललं नाही. एके दिवशी मागची खोली बराच वेळ शांत होती म्हणून वहिनी आत गेल्या. मामा मांडीवर बोर्ड घेऊन बसले होते. प्रोसेसर उलट्या दिशेने धरून त्यांनी तो दाबला होता, आणि सॉकेटमधल्या केसासारख्या बारीक पिना एका कोपऱ्यात आडव्या झोपल्या होत्या. नवशिक्यांना ते नेहमी सांगायचे, जोर लावावा लागला तर समजायचं की आपलं चुकतंय. मामांनी बोर्ड वहिनींकडे केलं. हत्यारांची पिशवी गुंडाळून त्यांनी खुंटीला अडकवली आणि घराचा रस्ता धरला. पुन्हा ते दुकानात आले नाहीत.

घरी त्यांच्यासाठी एक बाई ठेवली. वहिनी दुपारी जाऊन त्यांना भरवून येत. एकदा भरवताना मामांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "तू जेवलीस का?" इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना कधी एकेरी हाक मारली नव्हती. ते आईशी बोलत होते की आणखी कुणाशी, वहिनींनी विचारलं नाही. "जेवले," म्हणाल्या. जेवल्या नव्हत्या.

त्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि मामा गेले. मुलगी आली, चार दिवस राहिली. "आई, आता दुकान विकून माझ्याकडे चल," म्हणाली. वहिनींनी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. लोकांची मशिनं दुरुस्तीला पडून होती, म्हणून मुलगी गेल्यावर त्यांनी दुकान उघडलं.

महिन्याभराने घाऊक व्यापाऱ्याकडून नव्या जनरेशनचा माल आला. सॉकेट नवीन होतं. आधीचा एकही प्रोसेसर त्यात बसत नव्हता, रॅमसुद्धा वेगळी लागत होती. वहिनींनी खोका उघडून आतला कागद काउंटरवर पसरला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीला अडल्या. "भाऊजी, हे..." एवढं तोंडातून निघून गेलं. त्या कागदावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. दारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं. पण त्यांचा चेहरा बघून ते बाहेरच्या पायरीवर जाऊन थांबलं.