कापसाच्या खोलीतला भाग दोन

दिवाळीनंतर आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त राहायचा. मारेगावकडच्या आमच्या गावात भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. खाट बाहेर जाते, भांडी आत सरकतात आणि समोरच्या खोलीत छताला हात लागेल इतकं पांढरं साचतं. त्या खोलीत आवाज घुमत नाही. हाक मारली तर ती कापसात शिरते आणि तिथेच झोपी जाते. अजूनही मला गाढ झोप लागली की स्वप्नात तीच खोली येते: उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे तंतू, कोमट वास, आणि अंगाला सुटलेली खाज. खाज स्वप्नातही खरी असते.

त्या वर्षी खोलीच्या मधोमध आईचं जुनं लुगडं बांधलेलं होतं. अलीकडे बाबांचा कापूस, पलीकडे काकाचा. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची बोरी बाबांनी तोडली, काका म्हणाला ती माझ्या हद्दीतली होती, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. रविवारी विहारात दोघंही वंदनेला जायचे, पण एक खांबाच्या या अंगाला बसायचा, दुसरा त्या अंगाला. कापूस विकला की लुगड्याच्या जागी पक्की भिंत घालायची, असं ठरलं होतं. विटा अंगणात येऊन पडल्या होत्या. मला त्या विटांचा मनापासून राग यायचा. काका-काकूंना मूल नव्हतं, मी त्यांच्याच ताटात जेवून मोठी झाले होते. भिंत झाली की काका माझा शेजारी होणार होता, आणि शेजारी मला काही कमी नव्हते.

लुगडं कापूस अडवेल असं दोन जाणत्या शेतकऱ्यांना वाटलं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. रागात माणसाला काहीही पटतं.

वाटता आला नाही तो फक्त टीव्ही. तो समोरच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, बरोबर मधोमध होता. डिशची छत्री काकाच्या टिनाच्या छपरावर आणि वायर आमच्या बोर्डात, त्यामुळे कोणालाच तो नेता येईना. कापूस भरल्यावर तो पाहायचा तर ढिगावर चढूनच पाहावा लागायचा. दुपारी जेवणं झाली की बाबा आमच्या ढिगावर चढायचे, काका त्याच्या. लुगड्याच्या वर दोघांची डोकी दिसायची. दोघंही एकमेकांना दिसत नसल्यासारखे बसायचे. सोंग उत्तम वठायचं.

आदल्या वर्षी, भांडणाच्या आधी, आम्ही सगळ्यांनी एका खाटेवर बसून परग्रहावरच्या राक्षसांचा एक हिंदीत केलेला सिनेमा पाहिला होता. पाण्यातून वर येणारी, काचेसारखी आरपार दिसणारी ती जनावरं माणसांना गिळायची. काका नेहमीप्रमाणे अर्ध्यातच घोरायला लागला होता. आता एका रविवारी त्याचा भाग दोन लागला. यात आभाळातून दुसरीच जात उतरली होती, पाठीवर दगड वागवणारी, आणि या दोन जाती एका लहानशा गावात एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. गावात पाऊस, लाइन गेलेली, माणसं दुकानाच्या शटरमागे लपलेली. मी बाबांजवळ कापसात कमरेपर्यंत रुतून बसले होते. किंकाळ्यासुद्धा त्या खोलीत मऊ होऊन येत होत्या. अर्धी झोपेत, अर्धी भीतीत असताना मला वाटायला लागलं की आपण बसलोय तेच एक मोठं पांढरं जनावर आहे, आणि ते हळूहळू श्वास घेतंय.

पलीकडे काकाची चुळबुळ चालली होती. पहिला भाग झोपेत गेल्यामुळे त्याला काही उमगत नव्हतं. एरवी त्याने मला विचारलं असतं. पण डोळे टीव्हीला चिकटलेले असताना त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

“भाऊ, यातला आपला कोन व्हय?”

कित्येक महिन्यांनी त्या घरात तो शब्द ऐकू आला होता. पडद्यावर शाळेची इमारत कोसळली.

“आपला कोनीच नाही बे,” बाबा म्हणाले. “दोघंबी गावच मोडून राह्यले.”

“मंग आपन काय पाहून राह्यलो?”

बाबा काकाकडे वळले, काका त्यांच्याकडे झुकला, आणि दोन्ही ढीग एकदम घसरले. लुगडं फाटल्याचा लांब आवाज आला. मग सगळं पांढरं. कापसातून बाहेर आले तेव्हा काका बाबांच्या मांडीवर आडवा पडला होता, दोघांच्या मिशांत कापूस होता, आणि हसताना बाबांना ठसका लागला होता. आई आणि काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकू म्हणाली, “काय झालं वं माय! आता कोनाचा कोनता?”

ते कोणालाच सांगता आलं नाही. बाबांचा पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस आणि काकाचा मागचा पिवळसर एक होऊन गेला होता. आई निवडायला बसली आणि थोड्याच वेळात खाजेने उठली. शेवटी सगळा एकाच गाडीत भरून जिनिंगला गेला. तो दाबून बसावा म्हणून तुडवायला दोघं भाऊच गाडीवर चढले होते.

खोली रिकामी झाली तशी एकदम मोठी वाटायला लागली. भिंतीचं विचारायला मिस्त्री आला. बाबा म्हणाले, “त्याले इचारा.” काका विटांकडे पाहत राहिला.

“थांबा ना,” तो म्हणाला. “तिसरा भाग येऊ द्या आधी.”

आता विटांवर शेवाळ चढलंय आणि शेळ्या तिथे ऊन खात बसतात. मी सासरहून आले की काका हमखास विचारतो, “काय वं, आला का तिसरा भाग?” बाबा बाजूलाच बसलेले असतात, कान देऊन.

तिसरा भाग कधीच येऊन गेला. मी तो एकटीने मोबाइलवर पाहिलाय.

“नाही ना काका,” मी म्हणते, “अजून बनवूनच राह्यले.”