टेकडीवरचे चमचे

तेव्हाच्या मध्यभारत राज्याच्या सरकारी कचेरीतले ते आमचे हेडक्लार्क. रविवारी हॅम रेडिओ घेऊन देवगुराडियाची टेकडी चढायचे. बॅटरी मी वाहायचो. वर पोचलं की पिशवी उपसून ते ओरडायचे, "गजब झालं भिया, एरियल घरीच राहिली!" पोहे, त्यांवरची शेव आणि जिरावनाचा मसाला मात्र कधी राहिला नाही. मग मी खालून कुणाकडून तरी तार मागून आणायची आणि त्यांनी धोतराचा काचा मारून, गात गात, ती झाडावर बांधायची.

एकदा संदेश ठोकायचा मोर्सचा खटकाच राहिला. त्यांनी दोन तारांना पोह्यांचे दोन चमचे बांधले आणि एकमेकांवर आपटायला सुरुवात केली. कडकट्ट, कडकट्ट! थेट कोलंबोहून उत्तर आलं: तुमचा हात फार गोड आहे, खटका कुठला वापरता? ते टेकडीवर अक्षरशः नाचले.

तेव्हापासून खटका दर रविवारी घरीच राहू लागला.

एका रविवारी ते वाकले, आणि तोच खटका कोटाच्या खिशातून डोकावला.

"आज परत भूल गया, भिया!" ते खुशीत म्हणाले.

मी दुसरीकडं बघत चमचे पुढे केले. घरून घासून, चकचकीत करूनच आणले होते.