खोंडाच्या पाठीवरची हळद

"देवाची हळद पुसायचं हिला काय नडलं हुतं, ते आधी विचार तिला," रंगुबाई तिसऱ्यांदा म्हणाली. सून चार हातांवर उभी असताना तिसऱ्यांदाही तिनं ते मुलालाच सांगितलं.

रेश्मा ओट्याला टेकून लसूण सोलत होती. तिनंही सासूकडं बघितलं नाही. हळद पुसली हे आपण सकाळपासून कबूल करतोय, लपवलेलं नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. आता तो फोटो तिसगावला पाठवला कुणी, तेवढंही तुमच्या आईंना एकदा सांगून टाका.

नवरा, अजिनाथ, बाजेवर बसला होता आणि मोबाईल त्यानं मांडीवर पालथा घातला होता. बोलला त्याचा धाकटा भाऊ अमृत, उंबऱ्यात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून. पाठवला कुणी याला आता काय अर्थ आहे, वहिनी, असं त्याचं म्हणणं. सौदा मोडायचा तो मोडला. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात आप्पासाहेब चार हेड्यांच्या, जनावरांच्या दलालांच्या, घोळक्यात उभा राहून नाव घेईल ते काही अमृतचं घेणार नाही, दादाचंच घेईल. पण वस्ती एक म्हटल्यावर चिखल सगळ्यांच्याच अंगावर उडायचा.

भांडण खोंडावरून होतं. पांढराशुभ्र, सरळ शिंगांचा, चालला की मान ताठ ठेवणारा खिल्लार खोंड अजिनाथनं दोन वर्षं पोरासारखा वाढवला होता. तिसगावच्या आप्पासाहेबांनी तो शर्यतीसाठी पसंत केला, सौद्याची सुपारी फोडली, आणि जाताना एवढंच म्हणाले की वडील थकलेत, त्यांना इकडं येणं होणार नाही, तर एक चांगला फोटो तेवढा धाडा. त्या फोटोनं सौदा मोडला.

फोटो रेश्मानं काढला होता. मोबाईलवर नाही, कॅमेऱ्यावर.

तो कॅमेरा हेच या घरातलं जुनं दुखणं होतं. रेश्माचा भाऊ छगन पुणतांब्याला लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि दिवाळीत भाऊबीजेला बहिणीच्या ताटात साडीऐवजी जुना कॅमेरा ठेवला, लेन्ससकट, पट्ट्यासकट. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला ही कसली ओवाळणी, असं रंगुबाई तेव्हाच म्हणाली होती. भाऊ साडी नेसवतो, हिच्या भावानं गळ्यात लोढणं अडकवलं. पण ओवाळणी ती ओवाळणी. माहेरची वस्तू, तिला हात लावता येईना, विकून टाक म्हणता येईना. म्हणून सगळे तिला नावं ठेवण्यावर भागवत होते.

आणि नावं ठेवायला रेश्मानं जागाही भरपूर दिली. पहिले दोन महिने तिचे फोटो एक तर काळेठिक्कर यायचे नाहीतर पिठासारखे पांढरे. छगननं बजावून ठेवलं होतं की कॅमेऱ्याच्या मनानं काढायचं बटण वापरायचं नाही. काचेमागची खिडकी किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, एवढं आपलं आपण ठरवायचं. बाकी सगळं त्यातून येतं. तर ही रोज दुपारी ठरवायची आणि रोज चुकायची. कोंबड्या हलायच्या म्हणून तिनं पाटा-वरवंटा धरला. वरवंटा हलत नव्हता तरी पुसटच यायचा. 'वहिनी, अंधाराचे फोटो काढता व्हय?' असं अमृत येता-जाता विचारायचा आणि अजिनाथ हसायचा. नवरा हसला की तिला अमृतपेक्षा जास्त लागायचं.

मग फोनवर छगन म्हणाला, ऊन डोक्यावर असताना काढूच नको. सकाळी ऊन कडेनं येतं, तेव्हा काढ. कडेच्या उन्हात भिंतीचा खवला न् खवला दिसतो. तिनं शेणानं सारवलेल्या भिंतीचा काढला, तर सासूच्या हाताची पाची बोटं भिंतीवर उमटलेली दिसली. भाकरीचा काढला. तिसऱ्या दिवशी अंगणात दात घासत बसलेल्या रंगुबाईचाच काढला. फोटो खरोखर चांगला आला होता. कपाळावरच्या, गालावरच्या सगळ्या सुरकुत्या एकीत एक न मिसळता वेगवेगळ्या दिसत होत्या. 'मला सरणावर ठिवूनच काढायचा हुतास,' असं म्हणून रंगुबाईनं चार दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही.

फोटो मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी अजिनाथ दूध घालायला डेअरीत गेला, तेव्हा रेश्मानं खोंड गोठ्याबाहेर काढला. ऊन नुकतंच बाभळींच्या वर आलं होतं. खोंडाच्या पाठीवर, वशिंडाच्या मागं, तळहाताएवढा हळदीचा लेप होता. म्हसोबाला नवस बोललोय, खोंड चांगल्या दावणीला जाईपर्यंत रोज हळद लावीन, असं अजिनाथनं घरात सांगून ठेवलं होतं. आईचं ऊर त्यानं भरून आलं होतं. आप्पासाहेबांनीही हळद बघून हात मागं घेतला होता. देवाच्या हळदीवर कोण हात फिरवील? पण कॅमेऱ्यातून ती हळद सांडलेल्या वरणासारखी दिसत होती. पांढऱ्या अंगावर तेवढाच डाग. रेश्मानं कोमट पाणी आणलं, धुण्याच्या साबणानं जागा घासली, कोरड्या फडक्यानं पुसली. काढून झालं की परत लावू, देव काही पळून जात नाही, असं तिच्या मनात होतं. मग पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढून, पाठ नीट दिसेल असा तिनं फोटो काढला.

एकच काढला. दुसरा काढायची गरज नाही हे तिला त्या बारक्या पडद्यावरच कळलं. केस न् केस वेगळा आला होता.

तिनं तो मोबाईलवर घेऊन अजिनाथला धाडला. त्यानं डेअरीच्या रांगेत, हातात किटली धरून, बारक्या मोबाईलवर बघितला. शेजारच्याला दाखवला. शेजारचा म्हणाला, कॅलेंडरावर छापा. त्या आनंदात अजिनाथनं तो तसाच पुढं तिसगावला ढकलला.

आप्पासाहेबांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पाठीच्या मध्यावर, डाव्या अंगाला, केसांचा उलटा फिरलेला भोवरा दिसला. पाठीवर उलटा भोवरा असलेला बैल धनी खातो, असं सगळ्या मुलखात मानतात. फुकट दिला तरी कुणी दावणीला बांधत नाही. म्हाताऱ्यानं मोबाईल मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, ज्यानं हळद लावली त्यालाच ठेवू दे.

हळद कशासाठी होती हे रेश्माला कळलं ते आप्पासाहेबांचा फोन आल्यावर. रंगुबाईला ते अजून कळलेलं नव्हतं. देवाची हळद पुसली म्हणून देव कोपला आणि सौदा मोडला, एवढंच तिनं धरलं होतं, आणि अजिनाथनं तिला ते धरू दिलं होतं.

"झालं ते झालं," अजिनाथ शेवटी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना असायचा तसा. चारला आप्पासाहेब परत फोन करणार होते. खोंड त्यांच्या मनातून गेलेला नव्हता, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा फोन कशाला करील? मग रेश्मानं एवढंच सांगायचं की मी शिकाऊ आहे, कॅमेऱ्याच्या काचेवर डाग होता, तो फोटोत उतरला. काढणारीच म्हणाली म्हटल्यावर ते मानतील. बाईमाणूस खोटं कशाला बोलेल? आणि त्यानंतर कॅमेरा पुणतांब्याला परत जाईल. छगनरावांना काय सांगायचं ते तिनं ठरवावं.

अमृत म्हणाला, हे बरोबर आहे. आजवरचे सगळे फोटो बिघडलेच होते, हा एक बिघडला म्हणायला वहिनींना जड जायचं कारण नाही.

खरंही तेच होतं. खोटं बोलणं रेश्माला जड नव्हतं. चौथ्या वेताची म्हैस दुसऱ्या वेताची आहे असं तिनं याच ओट्यापाशी उभं राहून, हातात चहाचा ट्रे घेऊन सांगितलं होतं, आणि वर साखर कमी पडली का म्हणून विचारलं होतं. व्यापाराच्या घरात नांदायचं तर तेवढं येतंच. हळदीचं तिला आधी सांगितलं असतं तर तिनं स्वतः दोन बोटं जास्त लावली असती. ते तिला सांगितलं नाही, कारण बायकांना त्यातलं कळत नाही. भोवऱ्याचं तिला काही वाटत नव्हतं. फक्त 'फोटो बिघडला' हे दोन शब्द तिच्या तोंडात बसेनात. लसूण सोलून संपला तरी ती सालींत बोटं घालत राहिली.

चारला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. अजिनाथनं आवाज मोठा केला आणि मोबाईल ओट्यावर, तिच्यापुढं ठेवला. आधी तोच बोलला. भोवरा नव्हेच तो, आमच्या मंडळी नव्यानं शिकतायत, काचेला डाग होता, त्यांच्याच तोंडून ऐका. रंगुबाई पदर सावरून जवळ सरकली. अमृत उंबऱ्यातून आत आला.

"बोला, ताई," पलीकडून आप्पासाहेब म्हणाले.

रेश्मानं सुरुवात केली. आपण तीन महिन्यांपासून शिकतोय, असं ती म्हणाली. काच पुसायची राहून जाते, असंही म्हणाली. एवढं झालं होतं, एका वाक्यात संपलं असतं. पण आप्पासाहेब मधेच समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू द्या, ताई. बाईमानसाचं काम न्हाई ते. आमाला वाटलंच, एवढा सोच्छ फोटो घरात कोन काढतंय. कुटंतरी चुकलं आसंल."

अजिनाथनं समाधानानं मान हलवली.

"काच सोच्छ हुती," रेश्मा म्हणाली. "मी पुसून घेतली हुती. फोटो चुकलेला न्हाई. भोवरा हाय. मनक्याच्या डाव्या अंगाला, चार बोटांवर. हात फिरवला तर लागतो."

पलीकडं पाठीमागून म्हाताऱ्याचा हसण्याचा आवाज आला. आप्पासाहेब हसले नाहीत. ते अजिनाथशी बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात मला दुसरा खोंड बघायचाय. मी दाखवीन त्या जनावराचा असाच फोटो काढून द्याल का? सकाळच्या उन्हात, पाठीचा, दोन्ही अंगांनी. वडिलांना घरबसल्या बघता येईल. काय असेल ती मेहनत देऊ.

विचारून सांगते, असं ती सवयीनं म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

मग जे झालं ते बराच वेळ चाललं. अजिनाथ आधी हळू बोलला, मग मोठ्यानं. घरच्या दावणीला खोड काढणारी बाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती. दोन वर्षं त्यानं त्या खोंडाला पेंड चारली आणि हिनं दोन वाक्यांत त्याची माती केली. आता तो खोंड मरेपर्यंत दारात बसून खाणार आणि ही त्याचे फोटो काढत बसणार. अमृतनं सांगितलं की ओवाळणीच्या नावाखाली छगननं आपल्या घरात शेजाऱ्याचा डोळा आणून बसवला. त्यानं कॅमेरा खुंटीवरून काढायला हात केला. रेश्मानं लसणाच्या सालींचं सूप उचलून त्याच्या आणि खुंटीच्या मधे धरलं. त्याच्या नव्या शर्टाला फोलपटं चिकटली. तो मागं झाला.

रंगुबाई एवढा वेळ मुलाकडं बघत होती.

"म्हंजे बोलला न्हवतास म्हसोबाला," ती म्हणाली.

अजिनाथनं ओट्यावरचा मोबाईल उचलून खिशात घातला.

"रोज हळद मी वाटून देत हुते," रंगुबाई म्हणाली. "पाय धुऊन. उपाशीपोटी." तिचा चेहरा फोटोतल्यासारखाच दिसत होता, सुरकुती न् सुरकुती वेगळी. सूनबाईला क्षणभर वाटलं की म्हातारी आता आपल्या बाजूनं बोलेल. पण रंगुबाई तिच्याकडं वळली आणि म्हणाली, "त्यो तर खोटाच निघाला. पन तुला ठावं न्हवतं ना? तू तर देवाची म्हनूनच पुसलीस. तुझं पाप त्येच्याहून मोठं हाय."

ते खरंच होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले, एकेक बोट. खुंटीवरून कॅमेरा काढला, काचेवरचं झाकण दाबून बसलंय का ते बघितलं आणि पट्टा गळ्यात घातला. घरात तो गळ्यात घालून ती आजवर कधी वावरली नव्हती. अंगणात जायची, काढायची, परत अडकवायची. अजिनाथनं विचारलं की आता कुठं निघालीस. कुठं नाही, असं ती म्हणाली. मग तिनं कढई चुलीवर ठेवली, तेल ओतलं, आणि तेल तापायची वाट बघत, पाठमोरीच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"शुक्रवारी दिवस उगवायला मी बाजारात जानार हाय. आप्पासाहेबांकडून. तुमी बी जनावरं घिऊन येनार असाल, तर हळद लावून आनू नका, मी पुसायला सांगनार. त्या दिवशी सैपाक मी करनार न्हाई."