चार्ज दिला, चार्ज घेतला

बाबांनी रेल्वेच्या बॅटरीखोलीत आयुष्य काढलं. डब्यातले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्या चार्ज करणं हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पुढच्या माणसाला चार्ज दिला, कागदावर सही केली, घरी आले आणि रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले. पुढे वर्षभर ते तिथंच होते. आई त्यांच्या भोवतीनं झाडून घ्यायची.

मग माझं सरकारी ऑफिस नव्या रायपुरात हललं. तिथे रस्ते भरपूर रुंद आणि बस येईल तेव्हा येईल. म्हणून मी एक जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या आहेत हे ऐकून बाबा खुर्चीतून उठले.

मी गमतीत म्हटलं, "बाबा, चार्जिंगचा चार्ज तुम्हीच घ्या."

"लिहून दे," ते म्हणाले.

त्यांच्या बाजूनं गंमत नव्हती. मी कागदावर 'चार्ज दिला' लिहून सही केली, त्यांनी खाली 'चार्ज घेतला' लिहिलं, आणि कागद किल्ल्यांच्या डब्यात गेला.

चार्जर जुन्या पद्धतीचा होता, जडशीळ, वर एक सुई. घरातली वीज बॅटरीला चालेल अशी करायची आणि प्लग निघेपर्यंत ढकलत राहायची, एवढंच त्याला कळे. बॅटरी भरली का, हे बघायला माणूस लागे. संध्याकाळी मी आले की बाबा बॅटरीला पालथा हात लावत. गरम असली तर अर्धा तास थांबायचं, मगच प्लग. पहाटे चारला उठून सुई बघत. ती तळाला आली, म्हणजे बॅटरी भरली, की प्लग काढत आणि आम्हाला उठवून तसं कळवत. आम्हाला ते कळायची घाई कधीच नव्हती.

तीन वर्षांनी स्कूटर थकली. मी लिथियमवाली नवी आणली. तिच्या चार्जरला सुई नाही, फक्त एक दिवा. बाबांनी त्याच्यासमोर खुर्ची टाकली. दिवा लाल होता तोवर ते बसून राहिले. हिरवा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"माठ भरतांना तू काय करते? आधी धडाधड ओतते, तोंडाशी आलं की हळूहळू, मंग थांबते. हा तेच करून राहिला, आपल्याच मनानं. इन्व्हर्टरचा चार्जर बॅटरी भरल्यावर थेंब थेंब तरी सोडत राह्यते. हा तर चूप बसला."

"मग चांगलंच आहे की, बाबा."

"हव. मंग मले काहून बसवलं?"

मी ऑफिसच्या फाइलचं निमित्त काढून आत गेले.

सकाळी किल्ली काढायला डबा उघडला, तर नवा कागद. त्यांच्या अक्षरात 'चार्ज दिला', सही, तारीख. खाली 'चार्ज घेतला'पुढची जागा मोकळी. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते आणि आई भोवतीनं झाडत होती.

पण मीही सरकारी नोकर. घेणारा नसेल तर देणारा सुटत नाही, हे मला बाबांइतकंच ठाऊक. मोकळ्या जागेत मी लिहिलं, 'रिलीव्हर उपलब्ध नाही. कार्यमुक्ती नामंजूर.' सही केली, कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आल्या आल्या मी स्कूटर चार्जिंगला लावली. मागून हात आला आणि प्लग निघाला. बाबांनी बॅटरीला पालथा हात लावला.

"गरम हाय," ते म्हणाले. "रिलीव्हर येईपर्यंत इथं कोणी हात नाही लावायचा."