सात पूर्णांक दोन

तेल्हाऱ्याच्या स्टँडवर अमरावतीची बस लागली, तेव्हा बाबा माझी पेटी घेऊन आधीच आत चढले होते. माझ्यासाठी खिडकीची जागा धरून बसले आणि कंडक्टरनं घंटी मारली तरी उठेनात. "इंजिनिअरिंगले सिव्हिल भेटलं तर भेटलं," ते म्हणाले, "वर्षभरात कॉम्प्युटरले बदलून घेजो." आई खाली उभी होती.

शाखा बदलायला वर्षअखेर सातच्या वर सीजीपीए लागायचा. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, तेव्हा मी सात विषयांच्या ग्रेड पॉइंटची घाईघाईनं बेरीज केली. एकावन्न आले. भागिले सात, म्हणजे सात पूर्णांक दोनच्या वर. लगेच बाबांना फोन केला. बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी माझी रूममेट सुषमा, चांदूर रेल्वे गावची, माझा कागद पाहून म्हणाली, "अवं, क्रेडिट कुठी गेले?" तिनं समोर बसून दाखवलं. गणित आणि फिजिक्स चार-चार क्रेडिटचे. त्यांत मला चार आणि पाच पॉइंट. प्रॅक्टिकलला दहा होते, पण क्रेडिट एकच. प्रत्येक पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. अठ्ठ्याण्णव भागिले सोळा. सहा पूर्णांक तेरा.

पेढे वाटून झाले होते. दोन दिवस मी घरचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि सगळं सांगून टाकलं. सुषमानं मला समजावलं होतं, तसंच मी बाबांना समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे मोठं वावर पडीत ठेवलं अन् कडेच्या धुऱ्यावर फुलं लावून राहिली तू."

"हो बाबा."

"मंग आता मोठ्या वावरात उतर. पेढ्याचं मी पाहून घेतो."

मी उतरले. जर्नलच्या सुबक अक्षरांवर जाणारे तास गणिताला दिले. पुढच्या सेमिस्टरला बरोबर आठ आले आणि दोन्ही मिळून सात पूर्णांक शून्य सहा. पण कॉम्प्युटरला जागा दोनच रिकाम्या होत्या. त्या माझ्यापेक्षा वरच्या मुलींना मिळाल्या. मी रडेन असं सुषमाला वाटलं होतं. खरं तर तोवर सर्व्हेच्या तासाला उन्हात उभं राहायला मला आवडू लागलं होतं.

आज मी अमरावतीत एका कंपनीत गावांच्या पाणीयोजनांचे आराखडे करते. ऑफिसात 'मला' म्हणते, घरी 'मले', आई हसते. मागच्या वर्षी आमची एक योजना अकोल्याजवळच्या खारपाण पट्ट्यात सुरू झाली. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. बाबा मोटरसायकलनं पाहायला आले. नळाखाली ओंजळ धरून प्यायले आणि तिथल्या बायांना उगाचच सांगत सुटले, "आमच्या पोरीनं काढला याचा नकाशा."

परवा तेल्हाऱ्याहून निघाले, तर बसच्या खिडकीशी येऊन आई म्हणाली, "घरी पोचली का फोन करजो." घरी म्हणजे अमरावतीला. पहिल्यांदा तिनं असं म्हटलं होतं, तेव्हा मनाला लागलं होतं. जणू तिनं मला वाटेलाच लावलं. या वेळी मी नुसतं "हो" म्हणाले. जिथून निघते तेही घर, जिथं पोचते तेही.