धारला नकार द्यायला गेलो तेव्हा

नोकरी मिळाली की लोक पेढे वाटतात. आमच्या घरातून नोकरी नाकारायला पेढे नेले होते, तेही चांगले किलोभर, आणि ते घेऊन आम्ही तिघं गाडीने देवासहून धारला गेलो होतो.

त्या तिघांतली नोकरी नाकारणारी मी. केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. या दोन वर्षांत मला कुणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं, आणि मग एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिली देवासातच, एका नमकीनच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. शेवेत तेल किती, ओलावा किती, हे तपासायचं. घरापासून दहा मिनिटं. ही बातमी गल्लीत पसरली तशी शेजारच्या शर्माकाकू धावत आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "बेटा, सेव खाने के पैसे मिलेंगे?" माळव्यात माणसं पोह्यावर शेव घालतात, भाजीवर घालतात, आणि काहीच नसेल तर शेवेवर शेव घालतात. त्यामुळे माझ्याकडे गल्ली एकदम आदराने पाहायला लागली.

दुसरी नोकरी धारची. तिथल्या एका संस्थेची फिरती प्रयोगशाळा आहे. म्हणजे एक व्हॅन, तिच्यात बाटल्या, नळ्या, भिंगं, आणि ही व्हॅन घेऊन जिल्ह्याच्या टोकाला, पार डहीपर्यंतच्या गावांतल्या शाळांत जायचं, मुलांना प्रयोग करून दाखवायचे. ही नोकरी माझ्या शरदमामाने शोधून आणली होती. तो धारलाच राहतो, आईचं माहेर तेच. मुलाखतीला गेले तेव्हा मी त्या व्हॅनमध्ये चढून बसले होते आणि मला तिथून उतरावंसंच वाटेना. इतकी मला ती नोकरी हवी होती.

घरी मात्र कुणी विचारलं की मी म्हणायची, "दोन्ही चांगल्या आहेत."

आईने एका वाक्यात निकाल लावला. "डहीपर्यंत व्हॅनमधून? ही तर इंदूर येईपर्यंत ओकते." (हे खरं आहे. मला गाडी लागते. रिक्षासुद्धा लागते. एकदा जत्रेत उभ्या घोड्यावर लागली होती.) बाबा म्हणाले, "घरची पोळी, दहा मिनिटांवर नोकरी, आणखी काय पाहिजे माणसाला? देवासच घे. काय गं?"

"चांगली आहे," मी म्हटलं.

झालं, देवास ठरलं. आता धारला 'नाही' असं कळवायचं. मी फोन उचलला तर बाबांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"फोनवर नाही म्हणतात? शरदरावांच्या शब्दावर संस्थेने जागा दिली. त्यांची धारमध्ये काही पत आहे की नाही? समक्ष जाऊन, बसून, रीतीने सांगू."

आमच्या घराण्यात नकार ही एक कला आहे. पणजोबा देवास संस्थानच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबारात नोकरीला होते, आणि लोकांचे अर्ज नामंजूर झाल्याचं लोकांना कळवणं हे त्यांचं काम. ते इतकं गोड कळवायचे म्हणे, की माणूस मुजरा करून हसत घरी जायचा आणि नामंजुरी त्याच्या लक्षात यायला पुढचा महिना उजाडायचा. ही विद्या बाबांकडे जशीच्या तशी आली आहे. माझ्या चुलतबहिणीला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी याच पद्धतीने नाकारलं होतं. ती मंडळी दोन महिन्यांनी शालू घेऊन आली.

"रिकाम्या हाताने कसं जायचं?" आई म्हणाली. "हो म्हणायचं असतं तर पाव किलोत भागलं असतं. नाही म्हणायचंय, किलोभर तरी हवेत."

वाटेत बाबांनी व्यूहरचना समजावली. आधी ख्यालीखुशाली. मग माझ्या प्रकृतीचा विषय. मग घरापासूनचं अंतर. आणि शेवटी उठता उठता, दारात, "योग नाही" असं हळूच सुचवायचं. "थेट 'नाही' हा शब्द कुणी काढायचा नाही," त्यांनी बजावलं. प्रकृतीच्या विषयाला पुरावा म्हणून मी बेटम्याजवळ गाडी थांबवून ओकले.

धारला मामा आधीच संस्थेच्या दारात उभा होता, आमचा निर्णय कळल्यामुळे तोंड पाडून. "सोळंकीसरांना आता काय तोंड दाखवू मी?" तो कुजबुजला. "तुम्ही फक्त मान हलवा, शरदराव," बाबा म्हणाले. "बाकी माझ्यावर सोडा."

सोळंकीसर म्हणजे संस्थेचे प्रमुख. ऐसपैस माणूस, आवाज त्याहून ऐसपैस. त्यांची नजर आधी पेढ्यांच्या खोक्यावर गेली आणि मग माझ्यावर.

"अरे वा भिया, मिठाई! आओ आओ, सब आओ, अपनी नई मैडम आ गई!"

आतून सगळी संस्था बाहेर आली. बाबा "सोळंकीजी, ऐसा है कि..." म्हणेपर्यंत खोकं उघडलंही गेलं आणि प्रत्येकाच्या तोंडात पेढा होता. एका बाईंनी माझ्याही तोंडात घातला. माझं अभिनंदन झालं. मी "थँक्यू" म्हणाले. (दुसरं काय म्हणणार? तोंडात पेढा होता, आणि चांगला होता.)

बाबा डगमगले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी ख्यालीखुशाली पार पाडली आणि प्रकृतीवर आले.

"बिटिया की तबियत थोड़ी नाज़ुक है. गाड़ी में इसको ज़रा..."

"उल्टी?" सोळंकीसर खूश होऊन म्हणाले. "अरे, हमारे ड्राइवर को भी होती थी! आगे की सीट दे देंगे, जेब में अदरक रख लेना. कईं बात नी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई अंतरावर आली. "घर से बहुत दूर पड़ेगा. अकेली लड़की, रहने का, खाने का..."

"दूर? मामा का घर तो ये रिया सामने!"

सगळे मामाकडे वळले. मामाने फक्त मान हलवायची होती. पण संस्थेतली पाच-सहा माणसं त्याच्याकडे बघतायत, धारमध्ये त्याचा मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत परिचय, आणि सख्ख्या भाचीला घरात जागा नाही असं कुठला मामा चारचौघांत कबूल करेल? त्याची छाती फुगली.

"म्हणजे काय! वरची खोली रिकामीच आहे. राहील की, हक्काने राहील."

"शरदराव," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"आणि डबा तुझी वहिनी देईल," मामाने आईला सांगितलं. तो आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता.

तेवढ्यात जवळच्या शाळेतली मुलं रांगेने अंगणात आली. त्यांना त्या दिवशी संस्थेत बोलावलं होतं आणि ज्या सरांनी प्रयोग दाखवायचे ते अजून यायचे होते. सोळंकीसर मला म्हणाले, "बेटा, चाय आने तक कुछ दिखा दो इनको." बाबांनी भुवया उंचावून मला खूण केली, की नको. मी उठले. मोठ्या माणसाने सांगितलेलं कसं टाळणार, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मी वाटच पाहत होते.

मी बाटलीत लिंबाचा रस घेतला, फुग्यात खायचा सोडा भरला, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवला आणि उलटा केला. सोडा खाली पडला, रस फसफसला, आणि कुणीही न फुंकता फुगा टम्म फुगला. मुलांनी एकच कालवा केला. पुढे बसलेली दोन वेण्यांची एक मुलगी उठून बाटलीच्या आजूबाजूला, टेबलाखाली, माझ्या पाठीमागे बघून आली. मग म्हणाली, "मैडम, फूँका किसने?"

"कुणीच नाही, म्हणजे, किसी ने नहीं."

"झूठ. फिर से करो."

मी परत केलं. मग तिने स्वतः केलं. मग सगळ्यांना करायचं होतं. लिंबं संपली तेव्हा स्वयंपाकघरातून चिंच आणली. चहा आला, गार झाला. मी ओढणी कमरेला खोचून, सोड्याने हात पांढरे करून, मराठी-हिंदीची खिचडी करत बोलत होते, आणि गेल्या दोन वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. मध्येच मान वर केली तर आई खिडकीत उभी राहून माझ्याकडे बघत होती.

निघायची वेळ झाली. बाबांनी भात्यातला शेवटचा बाण काढला. दारात उभं राहून, हात जोडून, डोळे किंचित मिटून ते म्हणाले, "देखिए सोळंकीजी, सब योग की बात है. आगे देखते हैं." आमच्या घराण्यात याच्यापुढे नकार नाही. या वाक्यावर पणजोबांच्या काळात जमिनी गेल्या असतील.

"योग तो बन ही गया बाबूजी!" सोळंकीसरांनी बाबांना मिठीच मारली. "आगे देखते हैं, सोमवार से!"

मामाला सोडून आम्ही गाडीत बसलो. गाडी बेटम्याच्या जवळ आली. मग आईने विचारलं, "अहो, मग नाही म्हणून झालं का?"

"झालं की. स्पष्ट सांगितलं."

"कधी?"

"'आगे देखते हैं' म्हटलं ना मी."

"त्यांनी सोमवारी बोलावलंय तिला."

घडलेला प्रकार हळूहळू बाबांच्या चेहऱ्यावर उमटत गेला. बेटमा आलं तसं त्यांनी मिठाईच्या एका दुकानासमोर गाडी उभी केली.

"आता काय?" आई म्हणाली.

"परत जाऊ. नीट समजावून सांगू. पण परत रिकाम्या हाताने..." आणि ते उतरून दुकानदाराला सांगायला लागलेसुद्धा, "भिया, एक किलो पेड़े."

मी गाडीतून उतरले. दुकानदाराने तराजूत पेढे टाकायला सुरुवात केली. आता हे पेढे तोलले गेले तर माझी व्हॅन गेली, ती दोन वेण्यांची पोरगी गेली, आणि मी आयुष्यभर शेवेतलं तेल मोजत बसणार, हे मला दिसत होतं.

"बाबा, नका घेऊ. मला धारची नोकरी करायचीय."

दुकानदाराचा हात थांबला. बाबा वळले.

"मग आठवडाभर 'दोन्ही चांगल्या' काय म्हणत होतीस?"

"देवासला 'नाही' म्हणत होते."

"हे 'नाही' म्हणणं?"

"तुमच्याच पद्धतीचं," मी म्हटलं.

बाबा गाडीत बसलेल्या आईकडे वळले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी खिडकीतूनच ओळखलं होतं. म्हटलं, बघू या ही स्वतःच्या तोंडाने कधी सांगते." आणि मग बाबांना हसू फुटलं. ते एवढे हसले की त्यांना तराजूच्या टेबलाला धरून उभं राहावं लागलं. दुकानदाराने विचारलं, "बाबूजी, तौलूँ कि नहीं?" "तौलो," बाबा डोळे पुसत म्हणाले, "इस बच्ची के लिए."

राहता राहिला देवासचा कारखाना. तिथे नाही म्हणायला समक्ष जायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. आम्ही गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत बाबांनाही तिथे नोकरी लागली असती. फोनच करायचा, मीच करायचा, आणि 'नाही' हा शब्द पहिल्याच वाक्यात घ्यायचा. मी रात्रभर तालीम केली. त्यांनी आग्रह केला तर काय बोलायचं, पगार वाढवून देतो म्हणाले तर काय, फारच गळ घातली तर शेवटी आवाजात किती कणखरपणा आणायचा, सगळं ठरवलं. सकाळी आई-बाबांना समोर बसवून, स्पीकर लावून फोन केला. पलीकडे एक मुलगी होती.

"नमस्ते, मैं आपके यहाँ नहीं आ रही हूँ," मी एका दमात म्हटलं.

"ओके मैम," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. "एकदासुद्धा का म्हणून विचारलं नाही?" बाबांना ते फार लागलं. "काही रीतभात?" मलाही लागलं. आयुष्यातला पहिला खणखणीत नकार मी दिला होता आणि तो कुणी धड ऐकूनही घेतला नव्हता. मी परत फोन लावला.

"आपने ठीक से सुना ना? मैं सच में नहीं आ रही हूँ."

"जी मैम, सुन लिया," ती मुलगी अगदी अदबीने म्हणाली. "पर आप बोल कौन रही हैं?"