भिंतीतलं दार

"कुठवर आलं होतं? हात लावून दाखवा."

मॅडम आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढता काढता त्यांनी हेच विचारलं. नमस्कार नाही, ओळख नाही. पेणमध्ये भोगावतीच्या काठाला आमची गल्ली आहे; खाली गणपतीचे कारखाने, वर राहायच्या खोल्या. पुराचं पाणी गल्लीला नवीन नव्हतं. ते अडवायला नदीकाठी भिंत बांधायचं ठरलं आणि ती आखायचं काम या इंजिनिअर मॅडमकडे आलं. राहायला रोह्याला, वय पन्नाशीचं, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहरा घरी गॅस चालू राहिल्याचं आत्ताच आठवल्यासारखा.

मी भिंतीवर कमरेच्या उंचीला हात लावला. शेजारी नानाचा कारखाना, गल्लीतला सगळ्यात मोठा. नानाने त्याच्या भिंतीवर थेट गळ्याएवढा हात लावला. सरकारी माणूस दिसला की पाणी आपोआप चढतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मॅडम टेप काढणार तोच नानाची बायको, ताराकाकू, आतून म्हणाली, "हात खाली घ्या वो. एवढं पानी आलं असतं तर आपण आज नसतो."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. नानाच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आलं नाही, पण येऊ शकतं." नानाने हात हळूच खाली घेतला.

काळजी करणारी माणसं आपल्या सगळ्यांच्याच घरात असतात, पण त्यांची काळजी घरापुरती असते. मॅडमची नदीभर पसरलेली होती. चहा अर्धा ठेवून उठायच्या, डोंगराकडे बघायच्या, मग मोबाईलवर धरमतरच्या खाडीतल्या भरतीची वेळ. वरून डोंगराचा पाऊस आणि खालून खाडीची भरती एकदम आली की नदीला पुढे जायला वाट राहत नाही आणि ती आमच्या गल्लीत वळते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की एकदा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना माझा हात हलला.

"मॅडम, जरा गप बसता का?" मी वैतागून म्हणालो.

"सॉरी," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पण दोन्ही एकदम आली तर?"

मारुतीच्या देवळात गल्लीची सभा भरली. मॅडमच्या ऑफिसचे मोठे साहेब नकाशा टांगून शेजारच्या खुर्चीवर बसले. लोकांनी शंका विचारायच्या आणि मॅडमनी उत्तरं द्यायची असं ठरलेलं. बाहेरच्या माणसाला हसू येईल अशा आमच्या शंका. भिंत झाली की वारा अडणार, मग शाडूच्या मूर्ती सुकणार कशा? गल्लीतलं पावसाचं पाणी नदीत कुठून उतरणार? एकाने तर नदी दिसली नाही तर करमणार नाही असंही सांगितलं. मॅडम प्रत्येकाचं मान खाली घालून ऐकत होत्या, मध्येच "हो, ही भीती मलाही आहे" म्हणत होत्या. साहेबांची चुळबुळ वाढली. "मॅडम, लोकांना धीर द्या," ते पुटपुटले.

मॅडम उभ्या राहिल्या. "घाबरू नका असं मी म्हणणार नाही. भिंत झाल्यावरसुद्धा नाही. थोडं घाबरलेलं बरं असतं." साहेबांनी कपाळ पुसलं. मला मात्र त्याच क्षणी ही बाई आवडली.

खरा अडथळा घाटाचा होता. गल्लीच्या टोकाला पायऱ्या आहेत आणि अख्ख्या आळीचे गणपती तिथूनच विसर्जनाला उतरतात. मॅडमच्या नकाशावर त्या पायऱ्यांसमोरूनही भिंत सरळ गेलेली होती. नाना उठला. "आमी जगाला गणपती देतो आणि आमचाच गणपती भिंतीवरून फेकायचा काय?" सभेने एकच गलका केला. घाटासमोर भिंतीत दार हवं, नाहीतर भिंतच नको.

"दार ठेवता येईल," मॅडम म्हणाल्या. "दोन बाजूंना खाचा करायच्या, पाणी चढायला लागलं की त्यात फळ्या बसवायच्या. पण फळ्या बसवणार कोण?"

"आमी हाव ना," नाना म्हणाला. मागून पाच-पन्नास आवाज आले, "आमी सगळे हाव."

 नकाशाकडे पाठ करून मॅडमनी आपल्या माहेरची गोष्ट सांगितली. माहेर वडखळच्या पुढे, खारेपाटात. तिथे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. त्याची राखण गावाने मिळून करायची. एका पावसाळ्यात गावात लग्न होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी उघाडीवर गेला असेल. "खारं पाणी आमच्या भातात शिरलं. पुढे किती वर्षं तिथे काही उगवलं नाही. वडील रोज बांधावर जाऊन बसायचे." मग त्या नानाकडे वळल्या. "तिथंही सगळे होते."

गोष्ट सगळ्यांनी ऐकली. दार मात्र ठेवायचं ठरलं. लोकांपुढे मॅडम हरल्या, आणि हरल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं.

भिंत झाली. घाटाशेजारी पत्र्याची शेड झाली आणि तिच्यात सागाच्या जाड फळ्या आल्या. भर एप्रिलच्या उन्हात मॅडमनी गल्लीला फळ्या बसवायची तालीम करायला लावली. नदीत पाय भिजण्याएवढंही पाणी नव्हतं. आम्ही घामाघूम होऊन फळ्या बसवतोय, पलीकडच्या काठावरून पोरं टाळ्या वाजवताहेत, आणि मॅडम ओरडताहेत, "पाणी चढतंय समजा!" कोणती फळी खाली आणि कोणती वर हे कळावं म्हणून त्यांनी आकडे घालायला सांगितले. ते काम नानाने घेतलं. त्याने सोनेरी रंगात असे वळणदार आकडे काढले की शेडमध्ये लोक बघायला येऊ लागले.

पावसाळा लागल्यावर मॅडमचा रोज सकाळी नानाला फोन. "फळ्या आहेत ना?"

"हायत, हायत," नाना म्हणायचा.

हे खोटं नव्हतं. फळ्या होत्याच, फक्त त्यांच्यावर गणपती बसले होते. त्या वर्षी शाडूच्या मूर्तींना मागणी वाढली होती आणि ओली मूर्ती सुकवायला खाली सपाट, जाड फळी लागते. नानाच्या फळ्या संपल्या. बाजूला सरकारी शेडमध्ये सुरेख सागवान नुसतं पडून होतं. आमच्या गल्लीत रिकामी फळी बघवत नाही कोणाला. नानाने एक नेली, मग दुसरी, बघता बघता सगळ्या, आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पाऊस आला तर काढू की, असं सगळेच म्हणत होते.

आषाढातली दुपार होती. डोंगरावर सकाळपासून काळं झालेलं आणि धरमतरला तिसऱ्या प्रहराला मोठी भरती. मॅडम रोह्याहून निघाल्या, खड्ड्यांतून आणि पावसातून, आणि छत्री न उघडताच घाटावर पोचल्या. नदीचा रंग बदललेला होता आणि वरच्या चार पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी शेड उघडली. आत काहीच नव्हतं.

त्या नानाच्या कारखान्यात आल्या तेव्हा मी तिथेच होतो. ओळीने मांडलेल्या मूर्ती, आणि खालून डोकावणारे सोनेरी आकडे. आता ही बाई आम्हाला फाडून खाणार, असं मला वाटलं. त्या मातीच्या पोत्यावर बसल्या. खांद्यावरची पिशवी खाली घसरली तरी त्यांना कळलं नाही. ऑफिसातली भाषा पार गेली होती.

"नाना, उतरवा ते."

"मॅडम, कच्च्या हायत," नाना मूर्तींच्या आडवा येत म्हणाला. "हात लावला तर मोडतील. माझा आख्खा सीझन हाय त्याच्यावर."

"मोडतील त्या मोडतील. पानी आलं तर एक पन नाय उरायची. तुमची नाय, गल्लीत कोनाचीच नाय."

नाना हलेना. त्याचं सगळं वर्ष त्या फळ्यांवर होतं. त्याला दोष देणं मला आजही जमत नाही. ताराकाकूने पदर खोचला, पहिली मूर्ती पोटाशी धरून उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "बगत काय ऱ्हायलाव? दुसरी घ्या."

नानाने दुसरी उचलली. मग सगळी गल्ली लागली. ज्याच्या घरी जागा दिसेल तिथे गणपती गेले. पलंगावर, डब्यांच्या फडताळात, शिलाई मशीनवर. काही मोडले. एकाची सोंड माझ्याच हातात आली आणि मी ती खिशात टाकून पुढे पळालो. फळ्या घाटावर आल्या, पण खाचेत बसेनात. कडांना शाडू चिकटून वाळला होता. पाणी सगळ्यात वरच्या पायरीला टेकलं होतं, आणि आम्ही मूर्ती कोरायच्या कोरण्यांनी सरकारी फळ्यांची माती खरवडत होतो. मॅडम माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून नखांनी खरवडत होत्या आणि सारखं एकच बोलत होत्या, "बसेल ना? बसेल ना?"

बसली. एकावर एक सगळ्या बसल्या. पाणी निम्म्या फळ्यांपर्यंत चढलं, फटींतून चिळकांड्या उडाल्या, तिथे आम्ही शाडूचेच गोळे थापले. ओहोटी लागेपर्यंत मॅडम फळीला तळहात लावून उभ्या होत्या. पाणी उतरायला लागलं तेव्हा त्या खाली बसल्या आणि रडल्या. आम्हीही कोणी कोणाकडे बघत नव्हतो.

"फार घाबरले होते मी," त्या नंतर मला म्हणाल्या.

"दिसत होतं, मॅडम."

"दिसलं ते बरं झालं. नाहीतर नाना उठले नसते."

यंदा उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, दूर विदर्भात. निरोप घ्यायला आल्या तेव्हा ताराकाकूने पोह्याचे पापड बांधून दिले. ते पोचेपर्यंत मोडतील का, या काळजीत त्यांचा चहा पुन्हा अर्धा राहिला. गाडीत बसताना त्यांनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मला गलबलून आलं, आणि ते लपवायला मी ड्रायव्हरला उगाच रस्ता सांगत बसलो.

त्यांच्या जागी आलेले साहेब तरुण आहेत, गोड बोलतात. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "एकदम मजबूत काम आहे. निर्धास्त राहा."

ताराकाकूने विचारलं, "तुमाला भीती नाय वाटत?"

"भीती कसली, काकू?" ते हसले आणि गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेल्यावर ताराकाकू आमच्याकडे वळली. "मंग आता आपल्यालाच भ्यावं लागंल," म्हणाली आणि कामाला गेली.

हे लिहितोय तेव्हा पाऊस लागून राहिला आहे. डोंगर दिसत नाही. भरती किती वाजता आहे ते मी पाहिलेलं नाही. गल्लीत सगळे आपापल्या कारखान्यात आहेत, प्रत्येकाच्या दारातून उजेड दिसतोय, आणि मघापासून मलाही वाटतंय की घाटावर कोणीतरी गेलंच असेल. लिहिणं इथेच थांबवतो. जाऊन बघून येतो.